रोबोटचं ऑपरेशन आणि आईंच्या लुगड्याखालचा फुगवटा

मागच्या मंगळवारी सकाळी बोईसरजवळच्या नवापूरला घरून शिफ्टची बस पकडायला निघाले, तर सासूबाई ओट्यावर भिंतीला टेकून बसलेल्या. तोंड पांढरंफटक, समोर बादली... पहाटेपासून तीन उलट्या झाल्या होत्या आणि बाईंनी कुणाला उठवलं नव्हतं.

शांत डोक्याने लिहायचं ठरवलं होतं. जमत नाहीये.

त्या मंगळवारच्या पाच आठवडे आधी मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात आईंची गर्भपिशवी काढली, रोबोटने. चार बारीक भोकं, दुसऱ्या दिवशी घरी, थोड्याच दिवसांत नेहमीची कामं सुरू... एसी केबिनमध्ये आम्हाला असं सांगितलं. नेहमीची कामं म्हणजे कुठली, हे कुणीच विचारलं नाही. आमच्या आई मच्छी विकतात. त्यांचं नेहमीचं काम म्हणजे बर्फासकट भरलेली पाटी जमिनीवरून उचलून डोक्यावर घेणं.

तिसऱ्या आठवड्यात त्या बाजारात बसायला लागल्या. चारपाच दिवसांत बेंबीजवळच्या भोकापाशी लिंबाएवढा फुगवटा आला आणि त्यांनी तो कुणालाच दाखवला नाही. आमच्याकडे जड पाटी उचलायची असली की बायका लुगडं कंबरेला करकचून आवळतात, पोटाला आधार म्हणून. आईंनी तेच लुगडं चार बोटं वर आवळलं आणि फुगवटा आत दाबून टाकला. असं रोज, दहा-बारा दिवस.

मधे पोट दुखतं म्हणाल्या म्हणून बोईसरच्या एका दवाखान्यात दोनदा नेलं. डॉक्टरांनी टेबलापलीकडूनच गॅसच्या गोळ्या लिहिल्या. रोबोटिक झालंय ना, मग टाक्यांची काळजीच नको, असंही वर सांगितलं. पोटाला हात लावला नाही... दोन्ही वेळा!

मंगळवारी मात्र रिक्षा केली आणि त्यांना थेट बोईसरच्याच एका सर्जनच्या हॉस्पिटलात नेलं. तिथे मासवण गावची एक सिस्टर ड्युटीवर होती. तिने पहिलं काम केलं ते लुगडं सैल करायला सांगण्याचं.

"नको गो. सोडला का बाहेर येते ते," आई म्हणाल्या.

सिस्टरने स्वतःच गाठ सोडली. मी पहिल्यांदा बघितलं... कडक, लालसर-निळा गोळा, हात लावला तरी आई कळवळत होत्या. सिस्टर सर्जनना बोलवायला अक्षरशः पळत गेली.

आतडं त्या बारीक भोकातून बाहेर येऊन अडकलं होतं. हर्निया. लगेच ऑपरेशन झालं, या वेळी वीतभर चीर देऊन. आतडं थोडक्यात वाचलं. अजून उशीर झाला असता तर तेवढा तुकडा कापायला लागला असता, आणि आईंच्या जिवाचंही सांगता आलं नसतं, असं सर्जन म्हणाले.

रोबोटशी माझं भांडण नाही. भोक बारीक असलं तरी त्यातून आतडं येऊ शकतं, पाटी उचलू नका, फुगवटा दिसला तर लगेच या... हे मराठीत सांगायला किती वेळ लागला असता?

घरी येऊन मुंबईची फाईल काढली. सगळं लिहिलेलं होतं, तिसऱ्या पानावर, इंग्रजीत. मी तारापूरच्या औषध कंपनीत कामाला आहे, खोक्यात जाणारा माहितीचा कागद तपासणं हेच माझं काम. आणि घरची फाईल मी न उघडता कपाटात ठेवली. मला स्वतःचा जो राग आलाय तो कुठे ठेवू कळत नाही.

त्या सिस्टरचे आभार मानायला गेले तर ती दुसऱ्या पेशंटमध्ये गुंतलेली. नुसती मान हलवली तिने.

काल मुंबईच्या हॉस्पिटलातून फोन आला. रोबोटिक सर्जरीचा अनुभव आजी व्हिडिओवर सांगतील का, म्हणून. माझ्या तोंडाचा पट्टा सुटणारच होता, तेवढ्यात आईंनी खाटेवरून हात पुढे करून फोन घेतला.

"सांगते की," त्या म्हणाल्या. "पण मोबाईल माज्या पोटासमोर धरा. तोंड बघून तुमाला काय कलनार हाय?"