दाजींची गाडी आणि बाकीच्यांच्या गाड्या

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, सोलापुरात नवी पेठेत चादरी-टॉवेलचं दुकान चालवतात. चाळिशी ओलांडल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण मुळात रेसर आहोत. पुण्याहून सोलापूरला आपण किती वेळात आलो, हे ते पाहुण्यांना चहाच्या आधी सांगत. मोबाइलवर स्पोर्ट्स कारच्या एका स्पर्धेची जाहिरात दिसली आणि त्यांनी नाव घातलं.

स्पर्धेचा नियम साधा होता. सगळ्यांना एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची गाडी. इंजिन तेच, टायर तेच, बॉनेटला सील. कोणाला कोणती गाडी, ते चिठ्ठ्या टाकून ठरणार. फरक पडला तर चालवणाऱ्यामुळेच.

"मग आपलं काम सोपंच झालं की!" दाजी म्हणाले.

सराव उजनीच्या काठच्या रस्त्यावर सुरू झाला. ताई आणि मी मागच्या सीटवर. एका वळणावर उसाचा ट्रॅक्टर आडवा आला. दाजींनी हॉर्न सोडलाच नाही, तेव्हा ट्रॅक्टरवाला वाकून म्हणाला, "कुटं निघालाय एवढ्या घाईनं? कुनी आजारी हाय का?"

"व्हय," ताई मागून म्हणाली.

जाण्याआधी व्यापारी मित्रांनी चौकात गॉगल घातलेल्या दाजींचा फ्लेक्स लावला आणि त्यांचा सत्कार केला. अंगावर घातलेली चादर त्यांच्याच दुकानातून आणली होती.

स्पर्धा दक्षिणेतल्या एका ट्रॅकवर होती. मी मॅनेजर म्हणून गेलो. हेल्मेट धरणं आणि पाण्याची बाटली देणं हे माझं काम. पहिल्या फेरीत दाजी सर्वांत शेवटी आले.

"गाडीचं इंजिन बसलेलं होतं," ते म्हणाले आणि तेच त्यांनी फोनवर सोलापूरला कळवलं. संध्याकाळपर्यंत नवी पेठेत ब्रेक निकामी झाले होते आणि दिवे लागेपर्यंत ते कोणीतरी मुद्दाम निकामी केले होते.

दुसऱ्या फेरीआधी दाजींनी आयोजकांकडे तक्रार केली. पहिली आलेली गाडी वेगळी आहे, असं त्यांचं म्हणणं. ती गाडी चालवणारी कॉलेजातली मुलगी शेजारीच उभी राहून सगळं ऐकत होती.

"काका, माझी गाडी तुम्ही घ्या ना," ती म्हणाली. "मी तुमची घेते."

आयोजक दाजींना इतके कंटाळले होते, की त्यांनी लगेच होकार दिला. शर्यत झाली. दाजींच्या गाडीतून ती मुलगी पहिली आली आणि तिच्या गाडीतून दाजी शेवटी. मधे एकदा तिने त्यांना ट्रॅकच्या पूर्ण एका चकरेने मागे टाकलं आणि जाताना हात करून आभारही मानले.

शर्यत संपली तरी दाजी गाडीतून उतरेनात. मी बाटली घेऊन गेलो.

"दाजी, उतरा."

"थांब जरा." बऱ्याच वेळाने त्यांनी हेल्मेट काढलं. "गाडी लई चांगली आहे रे."

सोलापुरात पुन्हा सत्कार. फ्लेक्सवर आता 'यशस्वी सहभाग' असं छापलं होतं. समारंभाच्या अध्यक्षांनी सोलापूरवर झालेल्या अन्यायावर भाषण केलं. नादुरुस्त गाडी देऊन आपला माणूस पाडला, असं ते म्हणाले आणि त्यांनी माइक दाजींच्या हाती दिला.

दाजी म्हणाले, "गाडीत काही खोट नव्हती. गाडीत मी होतो, एवढंच."

मग टाळ्यांचा कडकडाट. "केवढा हा विनय!" म्हणत अध्यक्षांनी त्यांच्या अंगावर आणखी एक चादर घातली. खाली उतरलेल्या दाजींचा चेहरा पाहून ताई तिथेच हसू लागली आणि मग तेही हसले.

स्पर्धेची शेवटची फेरी महिन्याभराने होती. दाजींनी त्या मुलीचा नंबर मिळवला. दुपारी दुकानात ते स्टुलावर बसून, स्टीलचं ताट दोन्ही हातांत धरून, व्हिडिओ कॉलवर वळणं घेत. "काका, ब्रेक आधी, वळण नंतर," असा आवाज आला, की टॉवेल बघणारी गिऱ्हाइकंसुद्धा वाकून पाहत.

शेवटच्या फेरीनंतर दाजींनी घरी फोन लावला. आधी ताईला जेवण झालं का विचारलं, दुकानाची चौकशी केली. मग सांगितलं, की आज आपल्या मागं एक जण होता.