रानमहादेवाला चालतं ते फक्त पाणी

आम्ही फुलमाळी. अकोल्याला मोर्णेच्या काठी आमचा झेंडू-शेवंतीचा मळा आणि जुन्या शहरात हारांचं छोटंसं दुकान. माझ्या हातांनी गुंफलेले हार रोज कितीतरी देवांच्या गळ्यात जात. पण मी स्वतः बारा वर्षं एकाही देवापुढे हात जोडले नव्हते. लोकांना वाटे, माणूस अबोल आहे, मनातल्या मनात करत असेल. बायकोला वाटे, आधीची दोन मुलं गेली त्याचा राग देवावर धरून बसला आहे. खरी गोष्ट अशी, की हात जोडायला गेलो की उजव्या तळव्यावरचा भाजल्याचा डाग डोळ्यांसमोर यायचा. त्या डागाबद्दल लोकांनी माझं कौतुक केलं होतं, आणि ते मी मुकाट्यानं घेतलं होतं. देवाचा अनुभव सांगणारे आधी संकट सांगतात, मग कृपा. माझं संकट मीच पेटवलेलं होतं. तेव्हा ते आधी सांगून टाकतो.

चौपन्न सालचा चैत्र. पत्नीला तिसऱ्यांदा दिवस गेले होते आणि ती माहेरी होती. तिचं माहेर अमरावतीकडे. बडनेऱ्याला गाडी सोडायची आणि पुढे बसनं तासभर. गावाच्या डोक्यावर टेकडी, टेकडीवर सरकारी राखीव जंगल आणि जंगलाच्या मध्यावर एका कपारीत रानमहादेव. जंगल एवढंसं, पण राखण कडक. पायथ्याशी नाका होता आणि नाक्यावर जंगलखात्याचा नाकेदार. तो येणाऱ्याजाणाऱ्याची पिशवी तपासून काडीपेटी, विडी, कुऱ्हाड ठेवून घ्यायचा. देवाचा रिवाजही खात्याला शोभेलसाच होता. त्याला दिवा नाही, उदबत्ती नाही, नारळ नाही, बाहेरचं फूलसुद्धा नाही. पायथ्याच्या झिऱ्याचं लोटाभर पाणी न्यायचं, त्याच्यावर घालायचं आणि मोकळ्या हातांनी उतरायचं. सासऱ्यांनी मला निघताना बजावलं होतं, "जवाईबापू, आमच्या देवाले फुलं त्याच्याच झाडाची लागते. तुमची राहू द्या."

मला ते पटलं नाही. ज्याच्या घरात सात पिढ्या फुलं, त्यानं देवाकडे लेकरू मागायला जायचं आणि तेही रिकाम्या हातानं? मी वेताची परडी घेतली, तळाशी पितळी निरांजन, वात आणि काडीपेटी ठेवली आणि वरून झेंडूचे हार रचले. नाक्यावर तायडे नावाचा नाकेदार होता, माझ्याहून दहा-पंधरा वर्षांनी मोठा. त्यानं तपासायला परडीकडे हात नेला, तसा मी म्हणालो, "हात लावू नका. देवाचं आहे."

एवढंच म्हणालो. पण कोणत्या आवाजात म्हणालो ते त्यालाही कळलं आणि मलाही. दुसरा कोणी नाकेदार असता तर हे वाक्य माझ्या तोंडून निघालं नसतं. तायडे ज्या समाजाचा होता त्याच्या हाताचा आम्हाला तेव्हा विटाळ होत असे, आणि परडीतली काडीपेटी लपवायला मी तो विटाळ वापरला. त्यानं पुढे केलेला हात मागे घेतला. "जा," म्हणाला, आणि दुसरीकडे बघू लागला.

वर कपारीत कोणी नव्हतं. मी हार घातला, निरांजन लावलं, वारा लागू नये म्हणून दगडाच्या आडोशाला ठेवलं आणि समाधानानं उतरायला लागलो. अर्ध्या वाटेवर मागे वळून पाहिलं तर धूर. चैत्रातलं गवत ते. बघता बघता टेकडीच्या एका अंगाला जाळ पसरला. सगळं गाव ओल्या डहाळ्या घेऊन धावलं. मीही धावलो, सगळ्यांच्या पुढे. जळती फांदी हातानं ओढली, तेव्हा तळवा भाजला. संध्याकाळपर्यंत आग विझली आणि गावात माझं नाव झालं. पाव्हणा असून जीव टाकला, असं बायाबापड्या म्हणत होत्या. दुसऱ्या दिवशी खात्याचे साहेब आले आणि चावडीवर चौकशी बसली. कोणीतरी म्हणालं, नाकेदाराच्या विडीची ठिणगी असेल. दुसऱ्यानं मान हलवली, तिसऱ्यानं दुजोरा दिला. तायडे विडी ओढत नव्हता हे गावाला माहीत होतं, पण ते बोलायची गरज कोणाला वाटली नाही. मी हाताला कोरफड बांधून तिथेच बसलो होतो. तायड्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि साहेबांना म्हणाला, "माह्या पहाऱ्यात लागली. जबाबदारी माही." त्याची बदली धारणीकडे झाली. टेकडी लोकांना बंद झाली. दर सोमवारी पाणी घालायला जाणाऱ्या म्हाताऱ्या पायथ्याशीच लोटा उपडा करून परतू लागल्या. मी अकोल्याला आलो आणि काही बोललो नाही.

दोन महिन्यांनी मुलगी झाली. जगली, अंगी लागली. वेणू नाव ठेवलं. ती हसली की घर उजळायचं आणि मी उठून मळ्यात जायचो. हे लेकरू मला देवानं दिलं, की देवाचं घर जाळून मी ओढून आणलं, हे कोणाला विचारणार?

पत्नीनं त्या वेळीच नवस बोलला होता, की मूल जगलं तर बाराव्या वर्षी त्याच्याच पायांनी टेकडी चढवीन. ते बारावं वर्ष आलं. एव्हाना खात्यानं वर्षातून एक दिवस, चैत्रातल्या एका सोमवारी, मोजक्या माणसांना पास देऊन जंगल उघडायला सुरुवात केली होती. मेहुण्यानं खटपट करून पास मिळवले. मी पाठदुखी सांगितली, लग्नसराई सांगितली. पत्नी म्हणाली, "अवं, देव पाहाले येता का रेंजरसाहेबाच्या पोरीच्या लग्नाचे हार करता? यंदा नाई तं कधीच नाई." मी निघालो. परडी घेतली नाही. एक तांब्याचा लोटा घेतला.

नाक्यावर पोचलो. टेबलामागे तायडे बसला होता. केस पांढरे झालेले, अंगानं वाळलेला, पण तोच. धारणीहून परत आला होता म्हणे. पेन्शनीला थोडेच दिवस उरलेले. आणि त्याच्या टेबलावर, पास टाचायच्या टाचण्या ठेवलेलं, काळवंडलेलं एक पितळी निरांजन. माझं. त्याची दांडी जराशी वाकडी होती, ती मी लहानपणी वाकवली होती.

म्हणजे त्याला ठाऊक होतं. इतकी वर्षं ठाऊक होतं.

तो उठला आणि प्रत्येकाची पिशवी स्वतः तपासू लागला. अमरावतीचे एक वकीलसाहेब होते, त्यांची पिशवी. एक सोवळ्यातले काका होते, त्यांचीही. थेट तळापर्यंत हात घालून. काकांनी नाक मुरडलं, तसा तायडे शांतपणे म्हणाला, "काका, जंगलाले सोवळं एकच. आग नाई पायजे." माझ्या लोट्यात त्यानं डोकावून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुढे सरकला. ओळखलं की नाही, काही कळेना.

झिऱ्यावर लोटे भरून आम्ही दहाजण एका रांगेत चढू लागलो. पुढे एक पहारेकरी, सर्वांत मागे तायडे. दुसऱ्या वळणानंतर बोलायचं नाही, असा नियम. आणि काय सांगू, जंगल काय सुंदर झालं होतं! कुसुमाला तांबडी पालवी फुटलेली, जणू झाडंच्या झाडं लाजली आहेत. मोहाच्या फुलांचा सडा, तो गोड, आंबूस वास. जळालेल्या अंगाला मांडीएवढ्या बुंध्यांचे साग उभे होते. सालईचं एक जुनं झाड मात्र अर्धं कोळसा होऊन तसंच राहिलं होतं. त्याच्या ढोलीतून एक पिंगळा, ते इवलंसं घुबड, आमच्याकडे डोळे वटारून बघत होता. वेणूनंही डोळे वटारले. पिंगळ्यानं मान वाकडी केली, हिनंही केली. बोलायला बंदी, म्हणून तोंडावर हात दाबून ती थरथरत हसत होती. तिच्या मागे पत्नी पदरात हसू लपवत होती. मी त्या सालईकडेच बघत चाललो होतो. पाय घसरला, मी गुडघ्यांवर आपटलो आणि लोटा दगडावरून गडगडत खाली गेला. मंडळी वळणापलीकडे गेली होती. मागून तायडे आला.

"लागलं का, भाऊ?"

"तायडेभाऊ," मी म्हणालो, "ती आग मी लावली."

"इथं बोलाची मनाई हाये," तो म्हणाला. मग माझ्या बाजूच्या दगडावर टेकला. "तरी बोला. हळू."

मी सगळं बोललो. परडी, निरांजन, चावडी. आणि ते वाक्यही, 'हात लावू नका'. ते सांगताना आगीपेक्षा जास्त लाज वाटली. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, निरांजन त्याला दुसऱ्याच दिवशी सकाळी, चौकशीच्या आधी, राखेत सापडलं होतं. मी विचारलं, मग साहेबाला दाखवलं का नाही?

पिंगळ्याकडे बघत तो म्हणाला, "दाखवलं असतं तं सायबानं इचारलं असतं, परडी तपासली कावून नाई? मंग सांगा लागलं असतं का मी हात मागं घेतला. त्याची लाज वाटली, भाऊ. तुमची नाई, माही. सरकारी वर्दी अंगात, अन् एका शब्दानं हात मागं घेतला. छप्पन साली दीक्षा घेतली तवा मनाशी म्हणलं, आता हा हात मागं घ्याचा नाई. तवापासून एक पिशवी सोडली नाई. ते निरांजन समोर ठेवतो, याद राहाले."

मी त्याच्या पायांकडे वाकलो, तर त्यानं खांद्याला धरून वर केलं आणि पहिल्यांदाच हसला. "बारा वर्षं ठेवलं अन् सांगतलं कुठं, तं चढावर. खाली सांगतलं असतं तं गुडघे वाचले असते ना बाप्पा."

तो खाली उतरून लोटा घेऊन आला. रिकामा. परत झिऱ्यावर जाऊन येईपर्यंत दुपार झाली असती, आणि दुपारी जंगल बंद. मी म्हणालो, असू दे, माझ्या हातचं पाणी देवाला नकोच असेल. तायड्यानं खांद्यावरची कॅनव्हासची पाण्याची छागल काढली. "झिऱ्याचंच हाये. सकाळी भरलं. मी काई तुमच्या देवाले हात जोडत नाई, पण झाडं त्याची राखतो. चाललं तं पाहा." मी ओंजळ पुढे केली. आधी त्याच्या हातचं पोटभर प्यालो, भाजल्या तळव्यातून. मग लोटा भरून घेतला.

कपारीशी सगळे थांबले होते. मेहुण्यानं पाहिलं की मी कोणाच्या छागलीतलं पाणी घालतो आहे. त्याच्या कपाळाला आठी पडली, पण पत्नीनं त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. मी धार धरली. तोच पिंडीमागच्या ओलाव्यातून एक बेडकी टुणकन वेणूच्या पायावर आली आणि वेणू नियम विसरून खळखळून हसली. तिच्यामागे वकीलसाहेब हसले, काका हसले, नाकेदार हसला. त्या कपारीत बारा वर्षांपूर्वी मी भिऊन, लपवून, काहीतरी मागायला उभा होतो. आज माझ्याजवळ माझं असं काहीच नव्हतं. पाणीसुद्धा दुसऱ्यानं दिलेलं. आणि माझे हात आपोआप जोडले गेले. डाग तिथेच होता. पण त्या वेळी तो माझ्या नजरेस आला नाही.

उतरल्यावर नाक्याच्या वहीत, शेरा लिहायच्या रकान्यात, माझ्या अक्षरात लिहिलं की चौपन्न सालची आग माझ्या हातून लागली, नाकेदार निर्दोष होता. संध्याकाळी चावडीवर तेच सांगितलं. मेहुणा दिवाळीपर्यंत बोलला नाही. सासऱ्यांनी मात्र दुसऱ्या दिवशी तायड्याला जेवायला बोलावलं आणि आपल्या पंगतीत, आपल्या शेजारी बसवलं. पत्नीनं मला एकच विचारलं, "मले कावून नाई सांगतलं?" पुढे खात्याचं पत्रही आलं म्हणतात, की त्याच्या नावावरचा तो ठपका पुसला. मी ते पाहिलं नाही, पण त्यानं पाहिलं.

ते पाणी माझ्या हातून सांडलं नसतं तर छागलीचं पाणी मला मिळालं नसतं. हे कोणी घडवलं ते मी सांगू शकत नाही. इतकंच कळलं, की देवाकडे काय न्यायचं याचा विचार मी जन्मभर केला; लपवलेलं खाली ठेवून यायचं, एवढंच त्याचं मागणं होतं. आता दर वर्षी माघात, आग पसरू नये म्हणून आखलेली पट्टी गवत कापून साफ करायला दोन दिवस मी टेकडीवर जातो. तायडे पेन्शनीत आहे, तरी तोही येतो. चढायच्या आधी मी माझी पिशवी त्याच्यापुढे धरतो. तो तळापर्यंत हात घालतो, सावकाश, सगळीकडे चाचपतो.

"काई नाई," तो म्हणतो.

"काई नाई," मी म्हणतो, आणि आम्ही चढायला लागतो.