गणपत मामांचं मागचं गेट

मी भित्री आहे.

मामांना हे माहीत होतं. आज तुम्हालाही सांगून टाकते.

आज गणपत मामांना जाऊन वर्ष झालं. अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या शाळेतले शिपाई, राहणारे जांभूळचे. मी तिथे भूगोल शिकवते, पण मोजणीची टेप कशी धरायची ते मला मामांनी शिकवलं.

शाळेच्या मागच्या गल्लीत एक बार होता. दुपारची शाळा सुटेपर्यंत तिथे दारूसोबत खायच्या चाकण्याच्या गाड्या लागलेल्या असायच्या. सातवीच्या मुली दप्तर छातीशी धरून, खाली मान घालून जायच्या.

आम्ही तक्रार केली. उत्पादन शुल्क खात्याचे साहेब टेप घेऊन आले.

शाळेपासून ठरावीक अंतराच्या आत बार चालत नाही, आणि ते अंतर शाळेच्या गेटपासून बारच्या दारापर्यंत, माणूस चालतो त्या वाटेने मोजतात. आमचं मोठं गेट पडलं पलीकडच्या रोडला. वळसा घालून अंतर नियमापेक्षा जास्त भरलं. बारमालक इतका खूश की त्याने आम्हालाच चहा सांगितला.

तेव्हा मामा पुढे झाले.

"सायेब, आमचा मागचा गेट हाय ना. तो काय भिंत हाय का?"

मागचं गेट म्हणजे मोडक्या बाकांच्या ढिगाआड गंजलेलं एक लोखंडी दार. साहेब म्हणाले, "रोजच्या वापरात असेल तरच धरता येईल."

दुसऱ्या दिवसापासून मामा तासभर आधी यायला लागले. बाक हलवले, कुलपाला तेल घातलं. गल्लीच्या बाजूला राहणारी पंधरा-वीस मुलं त्याच दारातून आत घ्यायला सुरुवात केली. स्वतः खांबाशी उभे. उशिरा येणाऱ्याच्या पाठीत एक हलका धपाटा ठरलेला.

मी म्हटलं, "मामा, ती माणसं चांगली नाहीत. मला भीती वाटते."

"वाटू दे बाई. भीती वाटली म्हनून चावी टाकाची का?"

पुन्हा मोजणी झाली. टेपचं टोक मामांनी गेटच्या खांबाला असं दाबून धरलं होतं की बोटं पांढरी पडली. अंतर कमी भरलं.

बार बंद झाला. आम्ही पेढे वाटले.

मग एके दिवशी भुर्जीपावची गाडी लावणाऱ्या शोभाताईंनी मला गल्लीत थांबवलं. "मॅडम, दारुडे गेले ते बरंच झालं. पण माझं गिऱ्हाईक पण गेलं. आता आठ वाजले की इथं कुत्रं नसतं. आधी दारुड्यांची भीती होती, पण दिवे तरी होते."

मी "बघू काहीतरी" म्हणाले आणि सटकले. अजून त्यांच्या नजरेला नजर देता येत नाही.

आणि पिणारे? ते थोडेच सुधारले. ते गावाबाहेर सरकले, जांभूळच्या रस्त्याला. कडेला गाड्या लावायच्या, बॉनेटवर बाटल्या मांडायच्या, मग तशीच गाडी हाणायची.

मामांचा घरी जायचा रस्ता तोच.

संध्याकाळचे सात. मामा सायकलवर. समोरून पिऊन बाईक चालवणारा एक मुलगा.

मला पुढचं लिहवत नाही.

शाळेमागून जे हटवलं ते आम्हीच मामांच्या वाटेवर नेऊन ठेवलं का? वर्षभर हा प्रश्न माझ्याबरोबर जेवतो, झोपतो.

मामा गेल्यावर तेरा दिवस आम्ही ते गेट उघडलं नाही. मामांचं कुलूप. त्याला दुसऱ्या कोणी हात कसा लावायचा? मी रोज सकाळी त्या कुलपाला झेंडूचा ताजा हार घालायचे, उदबत्ती लावायचे.

आणि बारमालकाचा माणूस रोज फोटो काढायचा.

तेरा दिवसांचे तेरा फोटो. बंद कुलूप, वर ताजा हार. बारमालकाचा अर्ज गेला, की गेट वापरात नाही, पुन्हा मोजा आणि बार उघडू द्या.

पुरावा मीच तयार करून दिला होता. रोज ताजा.

तेव्हापासून चावी माझ्याकडे आहे. सोनिवलीच्या घरून अंधारात निघते, पावणेसातला गेट उघडते. समोर स्कूटरवर तो माणूस बसलेला असतो. हेल्मेट काढत नाही. मी आले की मोबाईल वर धरतो.

परवा पहिल्यांदा बोलला.

"मॅडम, रोज टाइमपे येता, अच्छा है. सोनिवलीवरून लांब पडत असेल ना? बी विंग, तिसरा माळा."

मी त्याला माझा पत्ता कधीच सांगितलेला नाही.

त्या दिवशी पहिल्या तासाला मी फळ्यावर काय लिहिलं ते मला आठवत नाही. घरी काही बोलले नाही. घरच्यांनो, हे आता इथेच वाचताय. सॉरी.

अर्ज वर्षभर फिरत होता. आता सोमवारी मोजणी आहे. मुख्याध्यापक नेमके त्याच दिवशी रजेवर. टेपचं टोक कोण धरणार असं विचारलं, तर स्टाफरूममध्ये सगळ्यांना एकदम वह्या तपासायच्या आठवल्या. त्यांना नावं ठेवत नाही.

मी धरणार आहे. टेप हलेल, साहेबांना दोनदा मोजावं लागेल. मोजू देत.

आज वर्षश्राद्ध म्हणून सकाळी स्टाफने हार आणला. "बाई, तुम्हीच घाला, कुलपाला."

स्कूटर समोर उभी होती. मोबाईल वर झाला.

मी म्हटलं, "हार आत मामांच्या फोटोला घाला. कुलूप माझ्या पर्समध्ये आहे."

मामा, तुम्हाला मनापासून नमस्कार. आज मागच्या बाजूला हार नाही, उदबत्ती नाही.

गेट सताड उघडं आहे. मुलं आत येतायत.