नदी आटली त्या सकाळी

अगं नंदे, वाचतेस ना? मग जरा जवळ सरकून बस. समोर असतीस तर कानच धरला असता. बाळकुमहून कोपर काही सातासमुद्रापार नाही, तरी तू इकडे फिरकली नाहीस त्याला वर्ष होत आलं. तुझ्या मनात काय आहे ते मला कळतं गं. तुझी आई गेली, आणि तिची ही थोरली जाऊ तेवढी परत कशी आली?

आम्ही दोघी गावी देवीची ओटी भरायला गेलेलो. आठवडाभर पाऊस हटला नव्हता. पहाटे वरच्या अंगाला मोठा गडगडाट झाला. वीज समजून आम्ही कूस बदलली. सकाळी देवळाच्या वाटेवरून बघतो तर भर आषाढात नदी आटलेली! डबक्यांत मासे तडफडतायत आणि अर्धी वाडी टोपल्या घेऊन पात्रात. माशाच्या हाताने ओटीला शिवायचं नाही, म्हणून तुझ्या आईने ताट माझ्याकडे दिलं. हसून म्हणाली, "ताई, तुम्ही व्हा पुढे. देवी कुठे पळत्येय? मासे पळतील!" मीही म्हटलं, "मोठे बघून आण गं." असं म्हटलं मी.

तेवढ्यात वरून एक कातकरीण धावत आली, डोक्यावरची मोळी टाकून. "बाय, नदीत दरड बसलीय! पाणी तुंबलंय वर, आता फुटंल. चढा!" मी हाका मारत खाली निघाले, तर तिने माझा दंड असा धरला की सोडेना. मी तिला वाट्टेल ते बोलले. ती ऐकेना, ओढतच देवळापाशी घेऊन गेली. मग मातीच्या रंगाचं पाणी आलं, झाडं घेऊन. पुन्हा बघितलं तेव्हा पात्रात माणूस नव्हतं.

दरड का कोसळली तेही सांगते. तो उतार आपलाच. बंगल्यांसाठी झाडं तोडून, कडा कापून तो सपाट करायचं ठरलं, तेव्हा तुझी आई एकटी म्हणाली होती, "ताई, त्या झाडांनी माती धरलीय." मी हसले. इथे कोपरला पंख्याखाली बसून सही केली.

दंडावर त्या बाईच्या बोटांचे वळ आठवडाभर होते. नाव विचारायचं राहून गेलं. ती कोण होती यावर मी वाद घालत नाही. देवीसमोर बसले की आधी तिला हात जोडते. मलाच का ठेवलंस, म्हणून देवीशी पुष्कळ भांडले. आता नाही भांडत. ठेवलंय तर हे तुला सांगायला ठेवलं असेल, एवढं धरून तिच्या पायांशी डोकं टेकते. रडू येतं, येऊ देते.

तू ये गं. रागाने ये, काकूला चार शब्द सुनावायला ये, पण या रविवारीच ये.