नेच्याचा दगड घेऊन कर्जतला

पोशीरच्या शाळेतून फोन आला. शनिवारी सकाळी मुलांना पृथ्वीच्या जन्मापासून माणसापर्यंतची गोष्ट सांगायची, पाऊण तासात! मी हो म्हटलं आणि पुण्याहून एक दिवस आधीच निघायचं ठरवलं. सह्याद्रीबद्दल बोलायला जाताना सह्याद्री गाडीच्या काचेतून उरकायचा, हे मला पटत नाही.

गाडी नवरा चालवणार होता, श्रीकांत. मागच्या सीटवर फडक्यात गुंडाळलेला माझा दगड. बारा वर्षांपूर्वी खोपोलीजवळच्या ओढ्यात सापडलेला, करडा, त्यावर नेच्याची, म्हणजे फर्नची, नाजूक काळी पानं उमटलेली. व्याख्यानाच्या शेवटी मी तो उंच धरते आणि गरजते, "लाव्हा येण्याआधी इथे जंगल होतं. त्या जंगलाची ही सही!" टाळ्या ठरलेल्या.

तुम्ही आलात तर जुन्या मुंबई-पुणे रस्त्यानेच या. घाटात मात्र गाडी थांबवू नका. खाली खोपोलीत उतरा, मिसळ मागवा (आम्हाला ऐंशी रुपयांना मिळाली) आणि मागे वळून डोंगर बघा. कड्यावर आडव्या पायऱ्या दिसतील. एकेक पायरी म्हणजे लाव्ह्याचा एकेक लोंढा. डायनोसॉर संपले त्याच सुमाराची ही घडण. फार्महाउसकडे धावणाऱ्या हजारो गाड्यांतून एकही मान वर होत नाही, याचा मला अजूनही संताप येतो.

कर्जतहून कोंदिवड्याला गेलो. दोघांचं राहणं-जेवण अठराशेत झालं. तांदळाची भाकरी आणि वालाची उसळ इतकी चांगली की श्रीकांतने कोंढाण्याच्या लेण्यांची चढण दुपारवर ढकलली. लेण्यांपर्यंत तासभर चाल आहे, पाणी सोबत घ्या. त्याच लाव्ह्यात माणसाने छिन्नीने कोरलेल्या कमानी बघताना मी भाषणच सुरू केलं. श्रीकांत म्हणाला, "हळू. वटवाघळं झोपलीत."

उतरून गाडीकडे येताना एका शेतात विहीर खणणं चाललं होतं. वर यारी दगड उपसत होती आणि काठावर नामदेवदादा बसले होते. चाळीस वर्षं विहिरी खणणारा माणूस. मला राहवलं नाही. मी गाडीतून दगड आणला आणि त्यांच्या हातात दिला.

"हा नेचा कोट्यवधी वर्षांपूर्वीचा आहे, दादा."

त्यांनी तो उन्हात फिरवला. "पानं नायत ही, ताई."

"मग काय आहे?"

"भेगेतलं पाणी. थांबा जरा."

त्यांनी नुकताच वर आलेला एक दगड घेतला आणि त्याच्या बारीक चिरेवर घणाचा एकच घाव घातला. दोन शकलं झाली. आतल्या ओल्या पृष्ठभागावर माझाच नेचा, दोन्हीकडे!

"ही बगा, सगळी चिरेच्या काठापासनं आत गेलीत. पानाला देठ नसतो का? हितं कुठं हाय? आमी ह्यांच्या मागं मागं पाणी हुडकतो. जिथं ही झाडं दाट, तिथून कधी ना कधी पाणी गेलेलं हाय."

मी भिंग काढलं. देठ नाही, शिरा नाहीत. पाण्यातलं खनिज भेगेत साचून अशी फांद्यांची नक्षी होते, हे मी वाचलेलं होतं. पण ते दुसऱ्यांच्या दगडांबद्दल होतं ना! बाबा-बुवांना "पुरावा दाखवा" म्हणून आव्हान देणारी मी, स्वतःच्या दगडाला एकदाही भिंग लावलं नव्हतं.

"तोंड उतरलं की ताईंचं," नामदेवदादा हसले. "अवो, दगड खोटा नाय. तुमी त्याला भलतंच नाव दिलं."

संध्याकाळी श्रीकांतने विचारलं, "उद्या दगड नेणार?" शेवटची टाळी तिथेच होती. मुलांना काय कळणार होतं? हा विचार माझ्या मनात आला, हे लिहितानाही लाज वाटते.

सकाळी नेरळच्या रस्त्याने पोशीर गाठलं. भाताची खाचरं कापणीनंतर मोकळी पडली होती. शाळेत मी माझा दगड आणि नामदेवदादांकडून मागून आणलेलं शकल, दोन्ही टेबलावर ठेवले आणि सगळं सांगून टाकलं. एक मुलगी उभी राहिली.

"म्हणजे बाई, तुमी बारा वर्षं खोटं सांगत होतात?"

शिक्षक दचकले. मी म्हटलं, "चूक सांगत होते. पण न तपासता, आणि ठासून. तू त्याला खोटं म्हणालीस तर मी भांडणार नाही."

तिने विचार केला. "खरा नेचा हाय की आमच्या विहिरीत. दाखवू?"

शाळेमागेच तिचं घर होतं. सगळा वर्ग विहिरीच्या कठड्याभोवती गोळा झाला. आत, काळ्या दगडाच्या ओल्या फटीत, हिरवागार नेचा डुलत होता. त्याचं घराणं डायनोसॉरच्याही आधीचं, या डोंगराच्याही आधीचं. माझं उरलेलं व्याख्यान तिथेच झालं, आणि टाळ्या वाजल्या नाहीत. कारण सगळी वाकून बघत होती.

घरी आल्यावर दगडाखालची जुनी चिठ्ठी फाडली. नवी लिहिली: "पाण्याची वाट. ओळख पटवली नामदेवदादांनी, कोंदिवडे." बारा वर्षांत ज्यांनी माझ्याकडून हा दगड हातात घेतला, त्या सर्वांसाठी ही पोस्ट आहे. तेव्हा मी जे सांगितलं ते खोडून टाका. आणि नेचा बघायचा असेल, तर एखाद्या विहिरीत डोकावा.