चिक्कीच्या पात्यांवरचा गंज

वलवणच्या धरणावर धुकं उतरलं की मला अजूनही चिक्की कापायची पाती आठवतात. त्या दिवसांत आमचं लोणावळ्याचं ठाणं ढगातच भरायचं. फिर्यादी आधी खोकताना ऐकू यायचा, मग हळूहळू दिसायचा.

तसेच एकदा एक चिक्की कारखानदार दिसले. सोबत शाल, नारळ आणि फोटोग्राफर. तपास सुरू होण्याआधीच त्यांना आमचा सत्कार करायचा होता. तक्रार अशी: कारखान्याची स्टेनलेस स्टीलची गोल पाती त्यांनी उर्स्याजवळच्या एका वर्कशॉपला कडक करायला दिली होती. तिथे भट्टीत नायट्रोजन सोडून, मंद आचेवर बराच वेळ ठेवून पात्यांचा वरचा थर टणक करतात, धार टिकते. कारखान्याच्या टेम्पोचालकाने पाती परत आणली आणि ती आठवडाभरात गंजली. म्हणजे चालकाने अस्सल पाती वाटेत विकून लोखंडी ठेवली. पुरावा म्हणून शेठनी खिशातून लोहचुंबक काढलं. गंजकं पातं टपकन चिकटलं.

"बघा! स्टीलला कधी चुंबक लागतं का?"

आम्ही सगळ्यांनी जाणकारासारख्या माना हलवल्या.

दुपारी खबर आली, तळेगावच्या एका भंगारवाल्याकडे पाती आली आहेत. हवालदार धावले. निघाली ती टेबलफॅनची.

मग चालकाला ठाण्यात बोलावलं. डोंगरावरच्या वाडीतला, पन्नाशीचा. गुन्हा दाखल झाला असता तर नोकरी गेली असती आणि वाडीत चोर हे नाव कायमचं चिकटलं असतं.

"कुठं विकलीस?" हवालदारांनी विचारलं.

"न्हाई इकली, सायेब. खोकं बंद हुतं, तसंच आणलं."

"वाटेत थांबलास की नाही?"

"थांबलो की. उर्स्याच्या टोलनाक्याव समदेच थांबत्यात."

हवालदार माझ्या कानाशी आले. "साहेब, जरा ताव दिला की कबूल होईल."

मी नको म्हटलं. त्यात थोरपणा नव्हता; धुक्यात घाईचं काही सुचतच नाही.

शेठनी तुलनेसाठी एक कोरं पातं ठेवलं होतं, कारखान्याबाहेर कधीच न गेलेलं. टेबलावर ते पाण्यातल्या चंद्रासारखं दिसत होतं. चहा येईपर्यंत चाळा म्हणून मी चुंबक त्याच्याजवळ नेलं.

टपकन चिकटलं.

चालक पहिल्यांदाच हसला. "सायेब, ह्ये बी म्याच बदललं का?"

पाती बनवणाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "धारेचं स्टेनलेस चुंबकाला चिकटतंच. घरातली ताटं सहसा चिकटत नाहीत." गंजलेल्या पात्यांवर खूणही त्याचीच निघाली. म्हणजे पाती बदललीच नव्हती.

मग वर्कशॉपचे मालक आले. चहा दिला आणि गप्प बसलो. दुसरा कप संपताना ते म्हणाले, "सीझनची घाई होती. मंद आचेवर फार वेळ जातो, म्हणून ताव वाढवला. पण पाती कडक झाली ना!"

झाली होती. मात्र जास्त तापात नायट्रोजन स्टीलमधल्या क्रोमियमला बांधून टाकतो, आणि गंजापासून राखण्याचं काम क्रोमियमचंच असतं. पाती टणक झाली, पण उघडी पडली. मालकांनी नवी भरून द्यायचं मान्य केलं.

शेठ चालकाला म्हणाले, "उद्यापासून ये."

"येतो. पन खोकं तुमी सोता उघडून बगायचं, मगच गाडीत घालीन."

फोटोग्राफर न सांगताच निघून गेला.

हवालदारांच्या तावाला मी हो म्हटलं असतं, तर संध्याकाळपर्यंत कडक कबुलीजबाब हाती आला असता. कोर्टात जाईपर्यंत तोही गंजला असता. चालक मात्र तोवर आत असता. पुढे कुणी कानाशी येऊन ताव म्हणालं, की मी चहा मागवायचो.