कपाळ बदलून मिळेल

मालवणच्या बाजारात दुकान घातलं की लोखंड गंजतं आणि किस्से साठतात. दोन्हींना खारी हवा पुरते. गंज खरवडता येतो, किस्से मात्र मी कुणाला तरी सांगितल्याशिवाय जात नाहीत. सांगताना थोडं तिखट-मीठ पडतं, ते माफ करा. पोपटांच्या बाबतीत तर मुळीच विश्वास ठेवू नका.

दुकान दोघांचं. पुढच्या भागात माझं झेरॉक्स मशीन, मागे बाबीचं कॉम्प्युटर रिपेअरिंग. बाबीची खासियत एकच. प्रत्येक प्रोग्रॅमच्या फाईलीच्या अगदी सुरुवातीला लिहिलेलं असतं, की ही फाईल अमुक जातीच्या कॉम्प्युटरची. दुसऱ्या जातीचा कॉम्प्युटर तेवढंच वाचतो आणि फाईल दारातूनच परत पाठवतो. बाबी तिथला एखादा आकडा बदलायचा. मग मशीनला वाटायचं, आपलंच माणूस आलंय! इंग्रजीत त्या जागेला हेडर म्हणतात. बाबी म्हणायचा कपाळ. मी थट्टेने दारावर पाटी रंगवली, ‘कपाळ बदलून मिळेल’, आणि तिथेच चुकलो.

*

पाटी वाचून पहिले आले देवबागचे तात्या. मासेमारीतला माणूस. डोळ्यांत मोतीबिंदू, हातात पेनड्राइव्ह.

तात्यांच्या मुलाने, त्यांच्या भाषेत झिलाने, भरती-ओहोटी सांगणारा प्रोग्रॅम केला होता. खास बापासाठी, मालवणीत. तारीख आणि वेळ घातली की खाडीच्या तोंडातून होडी काढावी की नाही, ते सांगायचा. तात्या त्याला हसत. एका सकाळी मुलगा त्या कॉम्प्युटरसमोरून उठला, होडी घेऊन गेला. होडी परत आली. रिकामी.

त्यानंतर तो कॉम्प्युटरही गंजून बंद पडला, आणि प्रोग्रॅम दुसऱ्या कुठल्या मशीनवर चालेना.

तात्या पेनड्राइव्ह पुढे करून म्हणाले, “त्या दिसाक ह्येना त्याका काय सांगितल्यान, ता माका व्हया. तवसर होडी पाण्यात घालूचंय नाय.”

बाबी म्हणाला, बघतो. काम तासाभराचं होतं. पण आतून काय उत्तर निघेल या धास्तीने बाबी रोज काहीतरी निमित्त काढायचा आणि तात्या रोज येऊन बाकावर बसायचे.

*

सावंतवाडीचा एक खेळणीवाला आला. लाकूड कोरणाऱ्या मशीनचा त्याचा प्रोग्रॅम नव्या कॉम्प्युटरवर चालत नव्हता. बाबीने कपाळ बदललं, प्रोग्रॅम सुरू झाला आणि सगळ्या पोपटांना चोच शेपटीकडे आली. आम्ही तोंड लपवून बसलो. आठवड्याने तो पेढे घेऊन हजर! पर्यटकांना ‘मागे बघणारा पोपट’ म्हणून सगळा माल विकला होता.

सगळे हसले. तात्या हसले नाहीत. त्यांनी बाबीला विचारलं, “भितूरचा काय बदलना नाय मां?”

“नाय तात्यानू. भितूर मी हातच लावणंय नाय.”

*

मग कुणकेश्वराकडची एक बाई. मुलीचं लग्न जमत नव्हतं. पाटी वाचून थेट बाबीपुढे पत्रिका ठेवली. बाबीने हात जोडून समजावलं, की बाई, आम्ही मशीन दारात जेवढं वाचतं तेवढंच बदलतो, आतलं सगळं आहे तसंच राहतं.

“मगे ताच करा,” बाई म्हणाली. “सासरचे भितूर खंय बघतत?”

*

एक म्हातारा खलाशी आला माझ्याकडे. आधार कार्डाची झेरॉक्स हवी होती, पण जन्मसालातला एक आकडा बदलून. साठीच्या वरचा माणूस ट्रॉलरवर घेत नाहीत म्हणे. मी म्हटलं, अहो, हा गुन्हा आहे. तो खिडकीच्या गजाला धरून उभा राहिला.

“दर्या खंय जन्मतारीख वाचता?”

मी त्याचं कार्ड परत केलं. बाकावरून तात्या म्हणाले, माझी होडी वाळूत पडून आहे, माणूस हवंच होतं. पण हा बाबी काय ते सांगेल तेव्हा. मग दोघे म्हातारे बाकावर बसून बाबीच्या पाठीकडे बघत राहिले. त्या दिवशी बाबीचा डबा तसाच घरी गेला.

*

शेवटी बाबीने पेनड्राइव्ह लावला. एक आकडा बदलला. मशीनने मुकाट्याने फाईल उघडली.

तात्यांनी मुलगा गेला त्या सकाळची तारीख-वेळ सांगितली. बाबीने ती घातली. मी झेरॉक्स बंद करून त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो. आमच्याकडे ओहोटीला सुकती म्हणतात. पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं होतं: ‘सुकती आसा. तोंडाक जाव नको.’

तात्यांना पडदा म्हणजे नुसता उजेड दिसत होता. “वाच,” ते म्हणाले.

बाबी वाचू लागला. “भरती आसा. जावा. असा लिवलाहा, तात्यानू.”

मी बाबीकडे बघितलं नाही.

तात्यांनी हात पुढे करून बाबीचा खांदा चाचपला.

“माझो झील माका मान देवन ‘जावा’ कधीच म्हणूक नाय रे. ‘जा’ म्हणायचो.”

आणि काठी घेऊन उठता उठता म्हणाले, “फाल्या सकाळीच होडी ढकलूक दोन माणसा धाड.”